ताटीच्या आतली चप्पल

आमच्या घरी चपलेचा एक जोड होता, जो कधी घरात आला नाही. काळ्या रबराचा, टाचेकडे झिजून पातळ झालेला. घरामागच्या सांदवाडीत मायनं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या काड्यांचं, आणि तुराट्यांचं उंच कुंपण घातलं होतं. त्याला बांबूच्या कमच्यांचं फाटक होतं, त्याला आम्ही ताटी म्हणायचो, आणि ताटीच्या आत, एका चपट्या दगडावर तो जोड ठेवलेला असायचा. बाहेरची चप्पल बाहेर काढायची, चुन्याच्या पट्ट्यावर अनवाणी पाय ठेवायचे, राखेनं हात चोळायचे आणि मग आतली चप्पल घालून कोंबड्यांत जायचं. हे सगळं करणारी घरात एकटी माय. बाबा नाही, दादा नाही, मीही नाही. लोकांच्या पोरी जरीच्या साडीसाठी झुरतात, कानातल्या झुब्यांसाठी झुरतात. मी त्या झिजक्या रबरासाठी झुरले. आता माझे केस पिकले, तरी ते झुरणं सुटलं नाही.

आमचं खेडं रोहण्याच्या जवळ, आर्वी तालुक्यात. शेत होतं, बैलजोडी होती, आणि कोंबड्या तर प्रत्येकाच्याच दारात. पूर्वी आमच्याही मोकळ्याच असायच्या. गावभर उकिरडे उकरायच्या आणि दिवस मावळताना आपापल्या घरी यायच्या. एकदा बाबा एक तांबडा कोंबडा रोहण्याच्या बाजारात विकायला घेऊन गेले. दिवसभर तो दुसऱ्या गावच्या कोंबड्यांसोबत पाय बांधून पडला होता. मनासारखं गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून बाबा त्याला काखेत मारून परत घेऊन आले आणि सरळ कोंबड्यांत सोडून दिला. माय म्हणाली, दोन दिवस वेगळा ठेवा. बाबा हसले. "घरचंच तर पाखरू हाय. त्याले काय पाहुणा म्हणू?" आठवडा गेला नाही तोच मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान पिळवटून पाठीकडे वळते, ती गोल गोल फिरते, चोच उघडून श्वास घेते आणि पडते. सकाळी उठावं तर अंगणात माना मुरगळलेल्या कोंबड्या. एकही वाचली नाही. लोक मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेकायचे, मायनं खड्डा खणून चुना टाकून पुरल्या. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही, आणि बाबांनी जेवायला मागितलंही नाही.

त्यानंतर मायनं नव्यानं सुरुवात केली ती अंड्यांपासून. काही गोष्टी तिला ढोराच्या डॉक्टरनं सांगितल्या होत्या, काही तिच्या डोक्यातून निघाल्या. बाहेरचं पाखरू आत येणार नाही. आतलं पाखरू बाहेर गेलं की ते परत येणार नाही, मग ते घरचं का असेना. नवं रक्त हवं असेल तर अंडी आणायची, पुसून, उजेडात धरून, आणि आपल्याच खुडूक कोंबडीखाली ठेवायची. वरून चिमण्या-कावळे येऊ नयेत म्हणून जुनी जाळी ताणली. आणि आत माणूस एकच जाणार. डॉक्टर लस द्यायला आला तर त्यालाही ती बाहेर उभं करायची, एकेक कोंबडी धरून ताटीवरून त्याच्या पुढ्यात करायची आणि तिथूनच परत घ्यायची. तो बिचारा हसायचा. गाव मात्र हसत नव्हतं, गावाच्या पोटात दुखत होतं. शेजारची बाई कुंपणाशी उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "आमच्या पोट्ट्याइले कोणी आंग धुवाले लावत नाई, अन् हिच्या कोंबड्याइचा थाट पाह्य!" माय आपली दाणे पाखडत राहायची. उकिरड्यावरच्या कोंबड्या दरसाल उन्हाळ्यात पटापट मरायच्या, आमच्या जाळीखाली नव्या पिल्लांचा चिवचिवाट चालू असायचा, हेच तिचं उत्तर.

शेजारणीला काय दोष देऊ, मी स्वतः त्या कोंबड्यांवर जळत होते. माझी माय काही गोडबोली बाई नव्हती. सकाळी मला उठवताना "ऊठ वो मेले, ऊन तोंडावर आलं" असं म्हणायची. वेणी घालताना अशी ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. पण तीच बाई ताटीच्या आत गेली की तिचा आवाज बदलायचा. "ये वो माह्या काबरे, ये माह्या बाई, काऊन रुसली?" असं म्हणत ती काबऱ्या कोंबडीच्या पंखाखाली हात घालून बघायची. तिची हाक मला अजून ऐकू येते, "आऽऽ तीऽ तीऽ तीऽ", शेवटची तीऽ वर नेऊन सोडलेली. त्या हाकेसरशी सगळा कळप धावत यायचा. मी कुंपणाला डोळा लावून तुराट्यांच्या फटीतून बघायची. मला वाटायचं, या बाईकडे इतका गोड आवाज होता तर तो घरात का नाही आणला?

मला घरात एकच मान होता, तो पहिल्या अंड्याचा. तलंग, म्हणजे नवी कोंबडी, पहिल्यांदा अंडं घालते ते लहानसं असतं, लिंबाएवढं. ते विकायचं नाही, उबवायचं नाही. ते माय माझ्या हातावर ठेवायची. मी ते तव्यावर फोडायची, मिठाचा खडा आणि तिखट टाकायची आणि ज्वारीच्या भाकरीच्या पदराशी खायची. दादाला ते कधी मिळालं नाही. तो हसून म्हणायचा, "खाय बापा, तुह्यं राज हाय." ते राज तेवढंच होतं, पण माझं होतं. आणि दुसरं एक माझ्या मनात पक्कं होतं की माय थकली की ती चप्पल मलाच मिळणार. कोणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय, मी एकुलती लेक होते.

मग दादाचं लग्न झालं आणि नाचणगावची सुमन वहिनी आली. दिसायला साधी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, बोलणं कमी आणि कामाला वाघीण. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. का, ते विचारू नका. कारण शोधायला गेले असते तर सापडलं नसतं. माहेरी पहिल्यांदा जाऊन परत आली तेव्हा तिच्या पदरात ज्वारी होती आणि ज्वारीत अंडी. पुलगावहून बदलत बदलत एसटीनं आली होती, आणि एकही अंडं तडकलं नव्हतं. "आत्याबाई," ती मायला म्हणाली, "तुमी म्हणत होत्या ना, नवं रगत पाह्यजे. आमच्या घरचा कोंबडा गंज उंच हाय." मायनं एकेक अंडं उजेडात धरून पाहिलं. प्रत्येक अंड्यागणिक तिचा चेहरा खुलत गेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाह्य बेबी, असं डोकं पाह्यजे." मी म्हटलं, "हो, डोक्यात ज्वारी भरून आणली तिनं." दादा हसला. माय हसली नाही. त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं खरंच गंज, म्हणजे खूप, उंच निघाली, लांब पायांची. मी त्यांना नाचणगावकर म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हे.

पावसाळा लागता लागता माय विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. वर्ध्याच्या दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये घालून आणला. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिची नजर सांदवाडीकडे गेली. दिवसभर कोंबड्यांना पाणी नव्हतं. मी तयारच होते. हातपाय धुऊन, पोलक्याच्या बाह्या वर सारून, राखेचं टोपलं घेऊन ताटीजवळ उभी होते. माय हळूहळू चालत आली. माझ्याकडे तिनं पाहिलं, मग मागं वळून म्हणाली, "सुमन, ये वो. ते चप्पल घाल."

मला वाटलं, प्लास्टरच्या औषधानं हिला भूल पडली. मी म्हटलं, "काऊन? मी नाई का?"

"तू जाशीन," माय म्हणाली.

"कुठी जाईन?"

"लगन नाई का होणार तुह्यं? कोंबड्या माणूस बदललं का बिचकते, अंडे सोडते. माणूस एकच पाह्यजे, अन् राहणारं पाह्यजे. तू आज हाये, उद्या नाई."

ती हे रागानं म्हणाली नाही. पाणी भरून ठेव म्हणावं तसं म्हणाली. मी तेव्हा आठव्या इयत्तेत होते, लग्नाचं नावही कोणी घेतलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी माझ्या मायनं मला घराच्या मोजणीतून बाहेर काढलं होतं, आणि कालपरवा आलेली बाई राहणारी ठरली होती. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी राखेचं टोपलं तिच्या पायाशी आपटून घरात निघून गेले. मागून हाक ऐकू आली, "आऽऽ तीऽ तीऽ". हाक वहिनीची होती, पण चाल मायची. तिनं ती केव्हा पाठ केली कोण जाणे.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माय कुंपणाबाहेर पाट टाकून बसायची, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, आणि वहिनी आतून एकेक कोंबडी उचलून दाखवायची. माय सांगायची, "हिची चोच पाह्य. हिची विष्टा पातळ हाय काय? काळी खुडूक झाली, तिले कोपऱ्यात बसव." दोघींचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. वहिनीनं एका जुन्या मडक्यात शेण आणि गवत भरून वावराच्या बांधावर पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली. ते मडकं तिनं पिल्लांपुढे आपटलं तर ती अशी तुटून पडली की माय लहान मुलीसारखी टाळ्या वाजवू लागली, म्हणजे एका हातानं, मांडीवर. मला तर वाटलं, त्या उधईनं आमचं घरच पोखरलं. मी वहिनीच्या वरणातल्या मिठाची खोड काढायची, तिच्या भाकरीला चीर दाखवायची. ती हसून "हो बाई, चुकलं" म्हणायची, नणंद म्हणून ती मला बाईच म्हणायची. अशा माणसाशी भांडताही येत नाही, तोच तर त्रास.

आणि मग एक तलंग अंड्यावर आली. वहिनीनं ते लिंबाएवढं अंडं ताटीवरून मायच्या हातात दिलं. मी ओसरीवर गहू निवडत होते. मायनं ते अंडं पदरानं पुसलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि परत वहिनीच्याच हातावर ठेवलं. "तूच खाय. तुह्या हातची तलंग हाय." वहिनी म्हणाली, "बाईले द्या ना." माय म्हणाली, "बाईनं गंज खाल्ले." मी मान वर केली नाही. गव्हातले खडे वेचत राहिले, आणि एकेक खडा अंगणात असा फेकला की तिथं बसलेलं कुत्रं उठून गेलं. संध्याकाळी ताटात भाकरीखाली ते अंडं निघालं, अख्खं, उकडलेलं. वहिनीनं लपवून ठेवलं होतं. मी ते खाल्लं नाही. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही, वाटतं ते एवढंच की फार भूक लागली होती.

आषाढ अर्ध्यावर आला आणि गावात मानमोडी शिरली. आधी वेशीजवळच्या घरात, मग मारुतीच्या पाराशेजारी. सकाळी नाल्याकडून कुत्र्यांचं गुरगुरणं ऐकू यायचं, तेव्हा कळायचं की रात्रीत आणखी कोणाच्या गेल्या. माय ताटीजवळून हलेना. दादाला घरात शिरण्याआधी पाय धुवायला लावायची, बाबांना पारावर बसू देईना. अशात एका दुपारी गल्लीतून वहिनीचे वडील येताना दिसले. त्यांच्या काखेत कोंबडा होता.

आमच्याकडे लेकीच्या घरी पहिल्यांदा जेवायला येणारा बाप रिकाम्या हातानं येत नाही. आषाढात, श्रावण लागायच्या आत, तो जावयासाठी कोंबडा घेऊन येतो, आणि तो घरचा पोसलेला असावा लागतो. बाजारचा कोंबडा आणला तर लोक नावं ठेवतात. व्याह्याला आम्ही इवाई म्हणतो, आणि इवायाच्या हातची भेट दारातून परत गेली तर दोन घरांचं बोलणं पिढीभर बंद पडतं. मी ओट्यावर उभी होते, मीच पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा कोंबड्या आल्या नाहीत. पहिल्यांदा हे आलं की आता बघू. आता ही राहणारी बाई कुठं राहते ते बघू, बापाकडे की ताटीकडे.

माय बाहेर आली. तोंडातून "या इवाईबुवा" एवढंच निघालं, आणि तेही अर्धवट. कोंबडा तुरा ताठ करून आमच्या दाराकडे बघत होता. आमच्या तांबड्यासारखाच तो, दिसायला अगदी तंदुरुस्त. बाबांनी एकदा मायकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना आपला बाजार आठवला असेल. आता हा माणूस चौकटीच्या आत पाऊल टाकणार, कोंबडा खांबाला बांधणार, आणि माय तोंडातून एक शब्द काढू शकणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात वहिनी सांदवाडीतून घराच्या बाजूनं धावत आली. अनवाणी. चप्पल तिनं आतच सोडली होती. "बाबा, थांबा! तिथीच थांबा. आत नोका येऊ."

म्हातारा गोंधळला. "काऊन वो पोरी? काही सुतक हाय काय?"

"नाई जी. कोंबडा आत नोका आणू."

"अवो, घरचा हाय. माह्या हातानं दाणे खाल्लेला."

"घरचाच हाय, पण एसटीत कोणासंग बसला तो? आज आर्वीचा बाजार हाय ना? गाडीत कोंबड्या नव्हत्या काय?"

इवायांनी काखेतल्या कोंबड्याकडे पाहिलं. नंतर हळूच म्हणाले, "दोन टोपले होते खरे. माह्या पायाजवळच."

वहिनी पुढे गेली. बापाच्या काखेतून तिनं कोंबडा स्वतःच्या हातात घेतला, छातीशी धरला, आणि मग खाली वाकून बापाच्या पायाला हात लावला. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. दादाला म्हणाली, "वावरात चूल मांडा. बाबाचं जेवण तिथी करू. सारे तिथीच जेवू." मग मायकडे वळली. "आत्याबाई, मी हात लावला. आता गावातला रोग सरेपर्यंत मी आत जात नाई. बाईले धाडा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला हवं ते असं, सुंठीवाचून खोकला जावा तसं, हातात आलं होतं. आणि ते मायनं दिलं नव्हतं, वहिनीनं दिलं होतं.

जेवण वावरात आंब्याखाली झालं. दादानं कोंबडा तिथंच कापला, पिसं खोल पुरली, वहिनीनं दगडाच्या चुलीवर रस्सा केला. लवंगी तिखटाचा, वर तर्री आलेला, सोबत भाकऱ्या आणि कांदा. त्याचा वास वाऱ्यानं गावापर्यंत आला असं दादा नंतर सांगायचा. मला काय ठाऊक! मी तिथं नव्हते. मी घरी होते, कारण आता मी ताटीच्या आतली होते, आणि आतल्या माणसानं त्या कोंबड्याच्या सावलीलाही जायचं नव्हतं. जेवून सगळ्यांनी विहिरीवर अंग धुतलं, कपडे पिळून घातले आणि मग घरी आले. इवाई मात्र वावरातूनच नाचणगावला परतले. पुढं बरेच दिवस लेकीच्या घरी आले नाहीत. वहिनी पोळ्याला वाट बघत होती, दसऱ्याला वाट बघत होती.

आणि मी, मी ती चप्पल घातली. माझ्या पायाला मोठी होती. मायच्या अंगठ्याचा खड्डा तिला पडलेला होता, आणि माझा अंगठा त्यात रुतला. सूपभर दाणे घेऊन मी आत शिरले तर कळप फडफडत दूर पळाला. काबरी, जी माझ्या डोळ्यांदेखत अंड्यातून निघाली, तीही माझ्याकडे मान तिरकी करून बघत कोपऱ्यात दबली. नाचणगावकर पिल्लं तर जाळीवर आपटायला लागली. कुंपणाबाहेरून माय ओरडत होती, "हाक मार त्याईले! हाक मार!" मी माझ्या आवाजात हाक मारली, एकही आली नाही. शेवटी मी घसा बारीक केला आणि वहिनीसारखी हाक मारली, "आऽऽ तीऽ तीऽ". सगळ्या आल्या. मी दाणे टाकले, पाणी बदललं, राख पसरली आणि बाहेर येऊन न्हाणीत जाऊन रडले. मायनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोळ्यात भुसा गेला.

रोज मीच आत जात होते, आणि रोज त्याच उसन्या आवाजात हाका मारत होते. गावात बऱ्याच घरची खुराडी ओस पडली. आमच्या कुंपणात एकही मान वाकडी झाली नाही. पाऊस ओसरला, रोग सरला, आणि शेजारची बाई, तीच ती, कुंपणाशी येऊन अंडी मागायला लागली, उबवायला. माय तिला अंडी देताना म्हणाली, "सुमननं वाचवल्या वो बाई. सुमन नसती तर एकही नसती वाचली." मी तिथंच उभी होते, ती चप्पल घालून, ताटीच्या आत. म्हणजे चिखलात पाय माझे, हातावर चोचींचे ओरखडे माझे, आणि नाव सुमनचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ती खरं बोलत होती, हे मलाही कळत होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी वहिनी अंग धुऊन ताटीशी आली आणि मी मुकाट्यानं चप्पल दगडावर ठेवली.

माझं लग्न सावंगीला झालं, वर्ध्याला लागून. तेव्हा तिथं आजच्यासारखी गर्दी नव्हती. घरामागे जागा होती. मी गेल्या गेल्या कुंपण घातलं, ताटी लावली, आत एक चप्पल ठेवली. माझी, कोणी दिलेली नाही. आजही आहे. माझी सून दवाखान्यात नर्स आहे. टीव्हीवर पक्ष्यांच्या तापाची बातमी आली की ती म्हणते, "आई, तुमचं जुनं शास्त्र बरोबर आहे हो." गोड पोरगी आहे. तिनं दोनदा विचारलं, मी आत जाऊ का दाणे टाकायला? मी अजून हो म्हटलेलं नाही. गुडघे बोलतात माझे, पण मी ऐकत नाही.

ताटी लावून मी स्वतःचंच नुकसान करून घेतलं, हे पहिल्या दिवाळीला कळलं. माहेरी गेले, पिशवी टाकली आणि सांदवाडीत धावले. मायनं मागूनच विचारलं, "तुह्या घरी कोंबड्या हाये ना?" मी म्हटलं, हाये. "मंग बाहेरूनच पाह्य." बस, तेव्हापासून मी बाहेरूनच पाहिलं. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक रक्षाबंधनाला, तुराट्यांच्या फटीला डोळा लावून, चोरासारखी. कोंबड्या सोडून दिल्या असत्या तर आत जाता आलं असतं. पण मग सावंगीत माझं काय राहिलं असतं? मायचा मोडलेला हात काही पूर्वीसारखा झाला नाही, तीही आत जात नव्हती. हिरवं पातळ नेसून बाहेर पाट टाकून बसायची आणि कुंपणाच्या फटीतून मुठीनं दाणे फेकायची. आत वहिनी.

माय गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घर माणसांनी भरलं होतं. बाया गळ्यात पडत होत्या, आणि मला त्यांच्यात कुठंच माय सापडत नव्हती. मी उठले आणि मागं गेले. ताटीच्या कडीला हात घातला तेवढ्यात वहिनीचा हात माझ्या हातावर पडला.

"बाई, थांबा."

माझं डोकं फिरलं. "आजही? आजही बाहेरूनच पाहू काय? माय गेली माही, वहिनी!"

"आत जा ना, मी कुठी नाई म्हणतो?" ती म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "आत्याबाईनं सांगतलं हाय मले. म्हणे, बेबी आली का तिले आत जावंसं वाटन. तिले नाई म्हणू नोको. पहिले आंग धुवाले लावजो, माहं पातळ नेसाले देजो, मंग सोडजो."

माझा हात कडीवरून सुटला. म्हणजे मायला माहीत होतं. इतकी वर्षं ती पाटावर बसून माझी पाठ बघत होती, फटीला डोळा लावलेली. आणि तरी हे तिनं मला सांगितलं नाही. मी प्रत्येक दिवाळीला समोर होते, मला म्हणाली असती, ये, अंग धू आणि जा. सांगितलं ते वहिनीला.

वहिनीनंच न्हाणीत पाणी काढलं. तिनंच माझ्या डोक्यावरून तांब्या तांब्या ओतलं, नखांतली माती काढली, केस पिळले, लहान पोरीला घालतात तशी आंघोळ घातली. मायचं हिरवं पातळ तिनं वेगळं धुऊन ठेवलं होतं. ते नेसून मी चुन्यावर पाय ठेवले, हाताला राख चोळली. दगडावर चप्पल होती, नवी, पण तशीच काळी. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मारलीच नाही. गरज पडली नाही. हिरवं पातळ दिसलं आणि सगळ्या कोंबड्या धावत आल्या, रोज कुंपणापलीकडून दाणे फेकणारी ती बाई अखेर आत आली म्हणून. माझ्या पायाशी गोळा झाल्या, निऱ्यांना चोची मारायला लागल्या. मी खाली बसले. एक तलंग पदराखाली शिरली आणि तिथंच दबून राहिली. मी तिच्या पंखाखाली हात घातला आणि म्हटलं, "ये वो माह्या बाई, काऊन रुसली?" आणि मग मला रडू आवरेना.

बाहेरून वहिनीनं विचारलं, "बाई, मी येऊ काय?"

मी डोळे पुसले. आत माणूस एकच जातं, हा आमच्या घरचा नियम आहे.

"नाई," मी म्हटलं. "तू बाहेरच राह्य."

ती तुराट्यांपलीकडे उभी राहिली. एका फटीत मला तिचा डोळा दिसत होता, ओला. मला फार बरं वाटलं. मी आतच बसून राहिले, दाणे संपल्यावरही.